तोंडाला पांढरं

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की माझे खांदे आपोआप कानांच्या दिशेने चढायला लागतात. मला ते कळत नाही. संदीप, माझा नवरा, मागून येऊन दोन्ही खांदे खाली दाबतो आणि म्हणतो, "आला वाटतं तुझा ऑक्टोबर."

आयर्लंडमधल्या सँट्रीतल्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीखाली कुणीतरी फटाके उडवत असतं. इथे फटाक्यांना बंदी आहे, म्हणून हॅलोविनच्या आधी तीन आठवडे ते रोज उडतात. दारादारांत कोरलेले भोपळे बसलेले असतात आणि पाऊस लागून त्यांची तोंडं हळूहळू आत वळायला लागतात. घड्याळं तासभर मागे जातात, मग दुपारच्या चहाचा कप विसळेपर्यंत अंधारतं. साताऱ्याला ऑक्टोबर म्हणजे उकडलेल्या ओल्या शेंगांचा वास आणि मान भाजणारं ऊन. इथे ऑक्टोबर म्हणजे कुजत्या पानांचा, ओल्या लोकरीचा वास. अकरा वर्षांत मी या वासाला सरावले होते, जवळजवळ तो आवडायलाही लागला होता. मग दोन हजार एकवीसचा ऑक्टोबर आला.

मी एका विद्यापीठात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत टेक्निकल ऑफिसर आहे. द्रावणं बनवायची, उपकरणं नीट ठेवायची, पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला उभं राहायचं आणि कुणी डोळ्यांत ॲसिड उडवून घेणार नाही हे बघायचं. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. सांगून काही साधणार नाही, आणि तिथली बहुतेक माणसं चांगली आहेत.

त्या वर्षी जूनमध्ये विद्यापीठाच्या क्रीडा सभागृहात लसीकरण चालू होतं. बास्केटबॉलच्या रेघांवर टेबलं मांडली होती. मी बाही वर करून बसले आणि दंड इतका आवळला की समोरच्या नर्सने सुई तशीच हवेत धरली. तिने माझ्या फॉर्मवरचं नाव वाचलं आणि म्हणाली, "दंड सैल सोडा ताई. मी काही इंजेक्शन द्यायला मिरजेहून आले नाहीये, गप्पा मारायला आलेय."

मी हसले तेवढ्यात तिचं काम झालंही होतं.

ती शुभांगी. नर्सिंग मिरजेत केलं, मग सौदीत सहा वर्षं, मग आयर्लंड. राहायला टॅला या उपनगरात. इथे तिला सगळे केरळची समजत. आधी ती दुरुस्त करायची, नंतर सोडून दिलं. "महाराष्ट्र कुठे ते सांगेपर्यंत पुढचा पेशंट येतो हो," म्हणायची. त्या उन्हाळ्यात तिने त्या सभागृहात किती दंड हाताळले असतील देव जाणे. पोरं सुईला घाबरून पांढरीफटक पडत, तेव्हा ती त्यांचा हात धरून हर्लिंगची, म्हणजे इथल्या काठी-चेंडूच्या खेळाची, मॅच कशी झाली ते विचारायची. हर्लिंगमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी विद्यार्थ्यांनी ग्रंथालयाजवळच्या लांब भिंतीवर साथीच्या काळात राबलेल्या माणसांचे चेहरे रंगवले. मुख्य दरवाज्यावरचा रखवालदार, कॅन्टीनमधली बाई, रात्री वर्ग धुणारा माणूस आणि शेवटी, सर्वांत मोठी, शुभांगी. खाली नुसतंच 'शुबा'. मी फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन. "एवढं नाक आहे होय माझं? आणि हे कधी ठरवलं यांनी? मला कुणी बोललं पण नाही." आवाजात हसू होतं. मागून भांड्यांचा आवाज येत होता, आणि ती गौरीला, तिच्या मुलीला, हाका मारत होती, "अगं ये, बघ तर, तुझ्या कॉलेजात मी आधी पोचले!"

गौरी त्याच सप्टेंबरात आमच्याकडे पहिल्या वर्षाला आली. सात वर्षांची असताना आयर्लंडला आलेली मुलगी. मराठी सगळं समजतं, बोलते मात्र टॅलाच्या इंग्रजीत. तिच्या घरी गेले की मी वैशाली मावशी असायचे. प्रयोगशाळेत इतर मुलं मला नुसतं वैशाली म्हणत, तशी इथे पद्धतच आहे. गौरी तिथे मला काहीच म्हणत नसे. हाक मारायची वेळ येणार नाही असं ती बघायची. मला गंमत वाटायची तेव्हा. अठरा वर्षांच्या मुलीला आईच्या मैत्रिणीने वर्गात ओळख दाखवलेली नको असते, एवढाच मी त्याचा अर्थ लावला.

सोमवारी सकाळी आठला डेक्लनचा फोन आला. डेक्लन आमच्या इमारतींची देखभाल करतो. साठीच्या आसपासचा, बोटं कायम रंगाने माखलेला माणूस. "वैशाली, तू जरा भिंतीपाशी येतेस का? एकटीच ये," म्हणाला. इथे उठता-बसता म्हणतात तो 'ग्रँड', म्हणजे 'सगळं ठीक', त्याच्या तोंडून आला नाही, तिथेच मी ओळखलं की काहीतरी वाईट घडलंय.

आपल्याकडे एखाद्याची विटंबना करायची तर तोंडाला काळं फासतात. इथे पांढरं फासलं होतं. शुभांगीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत जाड, चुनखडीसारखा पांढरा रंग. डोळ्यांच्या जागी बोटाने दोन भोकं पुसून ठेवलेली. आणि खाली, 'शुबा' या नावावर, एक शब्द. आमच्यासारख्यांना उद्देशून वापरतात तो. मी तो इथे लिहिणार नाही. लिहिला तर त्याला आणखी एक भिंत मिळेल. इतर तीन चेहरे जसेच्या तसे होते.

"मी झाकून टाकणार होतो," डेक्लन म्हणाला. "पण म्हटलं, आधी तू बघितलेलं बरं. उगाच दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा."

ओल्या वाऱ्यात आम्ही दोघं उभे होतो. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मी काय केलं, तर माझ्याच गालाला हात लावून बघितला.

दहा वाजेपर्यंत विद्यापीठाची ई-मेल आली. धक्का बसला आहे, निषेध करतो, चौकशी सुरू आहे. बारा वाजेपर्यंत भिंतीवर निळी ताडपत्री चढली. दोन वाजता विद्यार्थ्यांनी तिच्यासमोर साखळी केली, हातात पुठ्ठे. 'हे आम्ही नव्हे.' मी वरच्या खिडकीतून बघत होते. मुलं खरंच कळवळली होती. एक मुलगी हुंदके देत होती. तरी मला वाटत राहिलं, की हे तुम्ही नव्हे तर मग कोण? कुणी बाहेरून येऊन तर हे करून गेलं नाही ना?

तो आठवडा मला डोळ्यांचा आठवडा म्हणून आठवतो. सगळे मास्क लावून. प्रयोगशाळेत चाळीस मुलं, पांढरे कोट, अर्धे चेहरे झाकलेले, वर फक्त डोळे. मी ब्यूरेटच्या नळ्या तपासत एकेका टेबलापाशी जायची आणि प्रत्येक जोडी डोळे माझ्याकडे वळले की मनात यायचं, हे का? निळे, घारे, पिंगट. कुणी नजर चुकवली तर संशय, कुणी जास्त प्रेमाने बघितलं तर अधिकच. कॉफीच्या रांगेत माझ्यामागचा मुलगा हसला तर मानेवर काटा. उलट, ओळखपाळख नसलेले प्राध्यापक दारात थांबवून विचारत, "तू ठीक आहेस ना?" मी म्हणायची, "ग्रँड." काय सांगणार? चित्र माझं नव्हतं. पण त्या शब्दाने रंग फासताना माप माझंही घेतलं होतं, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

आदल्या वर्षीची एक गोष्ट तेव्हा वर आली. दोन हजार वीसचा मार्च, साथ नुकतीच सुरू झालेली. मी आणि माझी मुलगी इरा बसमध्ये. तिला खोकला आला. समोरचा माणूस उठला, दुसऱ्या सीटवर जाऊन बसला आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाला, तुमचे रोग घेऊन तुमच्या देशात जा. बसमध्ये आठ-दहा माणसं होती. सगळ्यांनी आपापल्या फोनात बघितलं. आणि मी? मी इराला हळूच म्हटलं, "बसमध्ये मराठीत नको बोलूस." घरी येऊन संदीपलासुद्धा सांगितलं नाही. दीड वर्ष मी ते गिळून बसले होते, आणि आता पहिल्यांदा स्वतःला विचारलं, मी नक्की कुणाला सांभाळून घेत होते?

शुभांगीला कसं सांगावं हा प्रश्न मी सोमवारी दुपारपर्यंत टोलवला. शेवटी फोन केला तर ती म्हणाली, "आलं मला व्हॉट्सॲपवर. वॉर्डातल्या मुलींनी दाखवलं."

"शुभांगी..."

"मी ड्यूटीवर आहे वैशालीताई. बेड सातला रक्त चढवायचंय." मग लगेच, "गौरीला विचारलं. ती म्हणते तिला काही माहीत नाही. तिला कुणी काही बोललं तर नाही ना हो? तेवढं बघाल?"

मी बघते म्हटलं.

मंगळवारी इमारत विभागाने विचारलं, खालचं चित्र न बिघडवता वरचा रंग काढता येईल का? रसायनशास्त्राकडे बघून लोकांना वाटतं, आमच्याकडे प्रत्येक गोष्टीवर बाटली असते. मी कापसाचे बोळे, दोन-तीन द्रावणं आणि साधं पाणी घेऊन ताडपत्रीच्या आत शिरले. डेक्लनने कडा उचलून धरली. आत निळा उजेड. कानाच्या पाळीपाशी मी आधी नुसत्या पाण्याचा बोळा फिरवला. पांढरं लगेच सुटून आलं, दुधासारखं. पण त्याबरोबर शुभांगीचा गव्हाळ रंगही आला. मुलांनी वर वॉर्निशचा हात दिलाच नव्हता. पांढरं काढायचं तर चेहराही जाणार होता.

डेक्लनने माझ्या हातातला बोळा घेतला, बोटांत चुरडला, वास घेतला. त्याचा चेहरा बदलला.

"हा मैदानाचा रंग आहे," तो म्हणाला. "रेघा मारायचा. हा फक्त हर्लिंग क्लबच्या शेडमध्ये असतो." कॅमेऱ्यात हुडी घातलेला एकजण पाठमोरा दिसत होता, त्याचा उल्लेख त्याने इथल्या रिवाजाने 'युअर मॅन', म्हणजे 'तो इसम', असाच केला. "युअर मॅनकडे शेडची किल्ली होती, वैशाली. म्हणजे तो आमच्याच पोरांपैकी." त्या पोरांना तो पंधरा वर्षं हर्लिंग शिकवत होता. त्याने बोळा खिशात टाकला आणि तसाच ऑफिसात जाऊन सांगून आला. परत आला तेव्हा म्हातारा दिसत होता.

किल्ली सहा जणांकडे फिरत असे. सहाही जणांनी नाही म्हणून सांगितलं.

बुधवारी पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं. आम्ल आणि अल्क, सोपं टायट्रेशन. थेंब थेंब सोडत जायचं, फिकट गुलाबी छटा आली की थांबायचं. गौरीच्या फ्लास्कमध्ये जांभळ्याकडे झुकणारा भडक गुलाबी रंग झाला होता. ब्यूरेटचा नळ उघडा, खाली द्रावण पडतंय, आणि ती त्याकडे बघतेय. मी नळ बंद केला. 

"फ्लास्क धुऊन पुन्हा कर," मी इंग्रजीत म्हटलं. आणि तोंड न उघडल्यासारखं मराठीत, "नंतर थांब."

सगळे गेल्यावर ती सिंकपाशी उभी राहिली. मी काचेची भांडी पुसत होते. तिने मास्क काढला, आणि दोन दिवस डोळेच बघत आल्यामुळे की काय, तो उघडा चेहरा मला फार लहान वाटला.

"मला माहीत आहे कोणी केलं," ती म्हणाली. इंग्रजीत, खालच्या आवाजात. "आमच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता. कॉनर आहे तो, सेकंड इयरचा. सगळे प्यायले होते. शेडमधून रंग आणला."

"कधी आला व्हिडिओ?"

"रविवारी. दुपारी." म्हणजे डेक्लनने मला फोन करण्याच्या कितीतरी आधी.

"त्यांना माहीत आहे, ती तुझी आई आहे ते?"

तिने मान हलवली. नाही. पहिल्या दिवशी सगळे भिंतीपाशी फोटो काढत होते. कुणीतरी म्हणालं, ही ती जॅबवाली, लस टोचणारी. गौरी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सांगायचं म्हटलं तर आदल्या दिवशी का नाही सांगितलं, हे सांगावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी आणखी अवघड. अशा सहा आठवड्यांत त्या भिंतीवरून ती रोज दोनदा आईच्या समोरून गेली होती, खाली मान घालून.

"मग व्हिडिओ बघून तू काय केलंस?"

तिने सिंकचा ठिबकणारा नळ घट्ट पिळला.

"सगळ्यांनी हसण्याचे इमोजी टाकले," ती म्हणाली. "मी एकटीने नसता टाकला तर सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं असतं." आणि मग मराठीत, मोडक्या शब्दांत, "मी पण टाकला, मावशी."

तिच्या एक मुस्काटात द्यावी असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू? आणि त्याच क्षणी ती बस दिसली, खोकणारी इरा दिसली, आणि तिला गप्प करणारी मी.

मी म्हटलं, "मी इथे नोकरी करते गौरी. हे कळल्यावर मला वर सांगावंच लागेल. पण तुझ्या आईला माझ्याकडून कळता कामा नये. उद्या दुपारी बारापर्यंत तू सांग. बारानंतर मी ऑफिसात जाईन."

तिने डोळे पुसले, बॅग उचलली आणि गेली.

गुरुवारी सकाळी ती विद्यापीठात आलीच नाही. नऊ, दहा, साडेदहा. मी पिपेट एकाच खोक्यातून काढून त्याच खोक्यात भरत होते. खाली ताडपत्री वाऱ्याने फडफडत होती आणि प्रत्येक फटक्याला मी दचकत होते. मुलीने स्वतःचं काही बरंवाईट केलं तर? एका दिवसाची मुदत देणारी मी कोण? अकराला पाच मिनिटं असताना शुभांगीचा फोन आला.

"गौरीने सांगितलं," ती म्हणाली. "व्हिडिओ आहे तिच्याकडे. भीतीने बोलली नाही म्हणते. आम्ही निघालोय. तुम्ही बसाल माझ्याबरोबर? माझं इंग्रजी चांगलंय हो. पण मला मराठीत राग आला, तर तो समजणारं कुणीतरी हवं."

भीतीने बोलली नाही. म्हणजे अर्धंच सांगितलं होतं. इमोजीचं नाही. मी फोन हातात धरून उभी राहिले. ते सांगणं माझं काम नव्हतं, आणि न सांगता त्या बाईच्या शेजारी बसणं मला जड जाणार होतं.

व्हिडिओ ऑफिसात दिल्यावर कॉनरने तासाभरात कबूल केलं. पुढच्या मंगळवारी बैठक ठरली. विद्यापीठाची एक अधिकारी, कॉनर, त्याची आई आणि आम्ही तिघी. खिडक्या साथीच्या नियमाने उघड्या, त्यामुळे सगळे कोट घालूनच बसलेले. शुभांगी रात्रपाळी करून आली होती. डोळे लाल, पण केस नीट बांधलेले. कॉनर उंच, कानाच्या पाळ्या लाल, नाकावर ठिपके. कोणत्याही प्रॅक्टिकलला मी त्याला प्रेमाने गॉगल घालायला सांगितलं असतं असा मुलगा. त्याची आई मास्कची दोरी बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

त्याने कागद वाचला. मला खूप वाईट वाटतं. मी तसा नाही. मी प्यायलो होतो. मला वाटलं, ते नुसतं चित्र आहे, खरं कुणी नाही.

अधिकारी म्हणाली, "धन्यवाद कॉनर. शुबा, तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

शुभांगीने हात टेबलावर ठेवले. "मला एकच कळत नाही," ती सावकाश इंग्रजीत म्हणाली. "यात गंमत काय होती? व्हिडिओत तू हसतोयस. कशाला हसतोयस? मी भांडत नाही. मला समजून घ्यायचंय. समजाव."

कॉनरने तोंड उघडलं. मिटलं. कागदाकडे बघितलं. कागदात ते नव्हतं. खिडकीतून वारा आला आणि अधिकारीबाईंचे कागद उडायला लागले, ती ते सावरत म्हणाली, "मला वाटतं, आपण पुढे जाऊ या."

"थांबा," शुभांगी म्हणाली. "त्याला विचार करू दे. मी थांबते."

किती वेळ गेला असेल? दोन मिनिटं? कॉनरच्या आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. तो शेवटी म्हणाला, "मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. सगळे हसत होते."

"मी पण हसले."

आवाज इतका बारीक होता की आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं. गौरी उठून उभी राहिली होती. खुर्चीची पाठ तिने दोन्ही हातांनी धरली होती.

"ग्रुपवर. मी पण हसण्याचा इमोजी टाकला," ती इंग्रजीत म्हणाली. कॉनरकडे बघत. "दॅट्स माय मॅम. ती माझी आई आहे, आणि मी हसले."

"जीझस, गौरी," कॉनर म्हणाला. आणि मग त्याने जे केलं ते कागदात नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मी शुभांगीकडे बघायचं टाळत होते. बघितलं तेव्हा ती मुलीकडे बघत नव्हती. ती टेबलावरच्या स्वतःच्या हातांकडे बघत होती, जणू ते कुणा पेशंटचे आहेत आणि तिला शीर सापडत नाहीये.

मग ती कॉनरच्या आईला म्हणाली, "तुमच्या मुलाने माफी मागितली, ती मी ऐकली. माफ केलं असं मी आज म्हणणार नाही. खोटं बोलून बरं वाटणार नाही, त्यालाही आणि मलाही."

कॉनरची आई मान हलवत राहिली, हो, हो. त्याला पुढे वर्षभरासाठी काढून टाकलं. परत आला की नाही, मी चौकशी केली नाही.

अधिकारीबाईंनी मग घाईघाईने सांगितलं, की चित्र पुन्हा रंगवून घेऊ, छोटा समारंभ करू, तुमच्या हस्ते. शुभांगी उठता उठता थांबली.

"चित्र काढताना मला कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "फासतानाही नाही. आता विचारताय, तर सांगते. नको. भिंत भिंतीसारखी करा."

डेक्लनने दुसऱ्या दिवशी ती जागा एकट्याने साध्या मातकट रंगाने रंगवली. तीन चेहरे आणि शेजारी मोकळी जागा. आता नवी मुलं तिथे सायकली टेकवून ठेवतात.

त्या मंगळवारी त्या दोघींना मी माझ्या गाडीतून टॅलाला सोडायला निघाले. शुभांगी पुढे, गौरी मागे. एम-फिफ्टी महामार्गावर गाड्यांची रांग, पाच वाजलेले, दिवे लागलेले. मी रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

त्यांच्या घरासमोर गाडी थांबवली. वर खिडकीत उजेड होता, गौरीचे वडील आणि धाकटा भाऊ घरी होते. शुभांगीने पट्टा सोडला, पण दार उघडलं नाही.

मागून गौरी म्हणाली, "आर यू अशेम्ड ऑफ मी?"

शुभांगी वळली नाही. समोरच्या काचेतून बघत मराठीत म्हणाली, "लाज तुला वाटत होती ना माझी? मला ते कळलंच नाही. कधीपासून गं?"

मागे गौरीने आपला पट्टा सोडला.

"रागाने नाही विचारत. सांग. शाळेपासून? मी डबा घेऊन यायची तेव्हापासून? माझ्या बोलण्याची? कशाची? वरती गेलो की तुझ्या बाबांसमोर बोलणं होणार नाही. इथेच सांग. आज रात्री मला ड्यूटी नाहीये. मी बसते."

मी दार उघडून बाहेर आले. किल्ली गाडीतच राहिली, म्हणजे हीटर चालू राहील. त्या वसाहतीत मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. एका दारात सांगाडा लटकवलेला होता, हॅलोविन होऊन गेलं तरी काढला नव्हता. एका बाईने कचऱ्याचा डबा आत ओढत मला विचारलं, "हरवलीस का गं?" मी नाही म्हटलं. चार फेऱ्या, पाच फेऱ्या. प्रत्येक वेळी गाडीपाशी आले की काचा आणखी धुरकटलेल्या. आत दोन डोकी दिसत होती. आधी एक पुढे आणि एक मागे. पुढच्या फेरीला दोन्ही मागे. आवाज ऐकू येत नव्हता. एकदा कुणाचा तरी हात वेगाने हलला, मला वाटलं मारलं, पण तो पुन्हा तसाच हलला, बोलताना हलतो तसा. कुठल्या भाषेत बोलत होत्या कोण जाणे.

सहाव्या फेरीला पाऊस आला, इथला तो बारीक, आडवा पाऊस. मी एका झाडाखाली उभी राहिले. तेवढ्यात गाडीचं मागचं दार उघडलं आणि शुभांगीने डोकं बाहेर काढलं. चेहरा सुजलेला, आवाज बसलेला.

"वैशालीताई, पुढे येऊन बसा बघू," तिने हाक मारली. "आमचं काही अजून संपलेलं नाही. पण तुम्ही कशाला भिजताय?"